राष्ट्रपतीला जन्म विचारत नाहीत: नाडगाव, फर्दापूर आणि नागरिकत्वाचा प्रश्न

विषय कागदावर जड दिसतो: जन्माने मिळणारं नागरिकत्व आणि देशातल्या सर्वोच्च पदांची घटनात्मक पात्रता. पण आपल्या खान्देशात हा विषय पारावर रोज निघतो. गावात अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारी माणसं अहिराणीत दोन प्रश्न विचारतात. ‘कोना पोऱ्या शे तू?’ आणि ‘कोनता गावना?’ म्हणजे कोणाचा आणि कुठला. जगभरच्या नागरिकत्वाच्या कायद्यांना या दोन प्रश्नांच्या पलीकडे फार काही सुचलेलं नाही. काही देश आईबापांवरून माणूस आपला मानतात, काही देश जन्मलेल्या जमिनीवरून. बहुतेक ठिकाणी दोन्हींची मिसळ असते, आणि तिच्यात तर्री किती घालायची ते त्या-त्या वेळचं राजकारण ठरवतं.

मला आज सांगायचं आहे ते असं. राष्ट्रपती किंवा पंतप्रधान व्हायला निघालेल्या माणसाला आपली राज्यघटना जन्माबद्दल काहीच विचारत नाही. ‘नागरिक आहेस का?’ एवढंच विचारते. साध्या माणसाला मात्र जन्माबद्दलचे प्रश्न गेल्या चाळीसेक वर्षांत वाढत गेलेत. वरचा दरवाजा मोठा राहिला आणि खालचा अरुंद होत गेला. हे कसं झालं ते बघायचं तर सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू.

बोदवड तालुक्यातलं नाडगाव. १९ डिसेंबर १९३४ रोजी तिथे प्रतिभाताई पाटलांचा जन्म झाला. तेव्हा जळगाव जिल्हा हे नाव नव्हतं. १९०६ मध्ये जुन्या खान्देश जिल्ह्याचे दोन तुकडे झाले होते. पूर्व खान्देशाचं ठाणं जळगाव, पश्चिम खान्देशाचं धुळे. म्हणजे प्रतिभाताई जन्मल्या पूर्व खान्देशात, आणि कायद्याच्या दृष्टीने जन्मल्या त्या ब्रिटिश प्रजाजन म्हणून. १९१४ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्वाचा कायदा सांगत होता, की राजाच्या मुलखात, राजाच्या निष्ठेखाली जन्मलेला प्रत्येक जण ‘जन्मसिद्ध प्रजाजन’. लंडनमध्ये जन्मलेला आणि नाडगावात जन्मलेला, कागदावर दोघं एकच. प्रत्यक्षात दोघांत किती अंतर होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ‘जन्मसिद्ध’ हा शब्द आपण आज मोठ्या अभिमानाने वापरतो, पण त्याची मुळं या प्रजापणात आहेत. १६०८ साली इंग्लंडच्या न्यायाधीशांनी स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या एका बाळाच्या खटल्यात ते तत्त्व घट्ट केलं. बाळ राजाच्या छायेत जन्मलं म्हणून ते राजाचं. त्यात हक्कापेक्षा मालकी जास्त होती.

आता जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागा. पहूर ओलांडलं की पुढे फर्दापूर. आज आपण गाडीत बसल्या-बसल्या जिल्हा कधी बदलला ते विसरतो. त्या काळी तिथे राज्य बदलत होतं. पहूर ब्रिटिश मुलखात, फर्दापूर निजामाच्या. फर्दापुरात जन्मलेलं मूल ब्रिटिश प्रजाजन नव्हतं. ते निजामाचं रयत, आणि इंग्रजांच्या लेखी फक्त ‘संरक्षित व्यक्ती’. चार कोसांवर जन्म झाला तर दर्जा वेगळा! आणि यातली गंमत बघा. त्याच १९१४ च्या कायद्यात असं होतं, की ब्रिटिश प्रजाजनाची बायको ही ब्रिटिश प्रजाजनच समजायची. म्हणजे फर्दापूरची मुलगी पहूरला सून म्हणून आली की कायद्याच्या नजरेत तिची प्रजा बदलली. माप ओलांडलं आणि राज्यही ओलांडलं. तिला याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. पण लग्नाने राष्ट्रीयत्व बदलतं ही काही १९९९ सालात दिल्लीत निघालेली नवलाई नव्हे, ती अजिंठ्याच्या घाटाखाली आधीपासून होती. त्या १९९९ कडे आपण येऊच.

ही सगळी गुंतागुंत एका फटक्यात मोडून एक नागरिकत्व करायचं, हे काम घटना समितीच्या वाट्याला आलं. त्या समितीची मागणी ठासून झाली ती कुठे? आपल्या फैजपूरला. डिसेंबर १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. १९३५ चा कायदा नाकारून, प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीनेच देशाची घटना करावी, ही भूमिका तिथे मांडली गेली. फैजपूर म्हटलं की आपण नंदलाल बोसांची सजावट आणि धनाजी नाना चौधरींची धावपळ आठवतो, ती आठवावीच. पण यावल तालुक्यातल्या त्या मांडवात हाही एक धागा कातला गेला. आणि जेव्हा खरोखर घटना समिती बसली, तेव्हा तिच्यात चोपड्याला वकिली केलेले हरि विनायक पाटसकर होते. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत तेच जळगावहून लोकसभेवर गेले. हिंदू विवाह कायदा लोकसभेत पुढे नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पुढे ते मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले. पाटसकरांवर एक स्वतंत्र व्याख्यान व्हायला पाहिजे. आज त्यांना नुसता नमस्कार करून पुढे जातो.

घटना समितीत नागरिकत्वाची चर्चा दोनदा रंगली. पहिल्यांदा एप्रिल १९४७ मध्ये, फाळणी अजून व्हायची होती तेव्हा. जन्माने नागरिकत्व द्यायचं म्हटल्यावर काही सदस्यांना धास्ती वाटली, की परदेशी लोक इथे येतील, त्यांना इथे मुलं होतील, आणि ती आपली होऊन बसतील. सरदार पटेलांनी तेव्हा दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. त्यांचा मुद्दा असा, की राष्ट्रीयत्वाच्या दोन कल्पना आहेत, एक रुंद आणि एक अरुंद. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या हिंदी लोकांना तिथलं नागरिकत्व द्या म्हणून आपण जगासमोर भांडतो, मग आपल्या घरात अरुंद व्याख्या कशी करणार? हे बोलणारा माणूस भोळा नव्हता. सरदार होते ते.

दुसऱ्यांदा चर्चा झाली ऑगस्ट १९४९ मध्ये. मध्ये फाळणी होऊन गेली होती. डॉ. आंबेडकरांनी सभागृहात सांगून टाकलं, की एक कलम सोडलं तर मसुदा समितीला या कलमाइतकी डोकेदुखी दुसऱ्या कशाने दिली नाही. मसुद्यामागून मसुदे झाले. आणि तिथे आपल्या शेजारच्या वऱ्हाडातले डॉ. पंजाबराव देशमुख उभे राहिले. हे नागरिकत्व फार स्वस्त केलंत, असा त्यांचा सूर होता. त्यांनी उदाहरण दिलं ते मुंबईचं. विमानातून जाणारं परदेशी जोडपं, विमान दोन तास मुंबईला थांबलं, बाई तिथेच बाळंत झाली, तर ते बाळ भारताचं नागरिक होणार का? सभागृहाला मुद्दा कळायला वेळ लागला नसेल, उदाहरण झकास होतं. त्यांची दुरुस्ती अशी होती, की जन्म नुसता जमिनीवर नको, भारतीय आईबापांच्या पोटी हवा. शिवाय दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कोणताही हिंदू किंवा शीख, कुठेही राहणारा असो, नागरिकत्वाला पात्र असावा. दुरुस्ती नामंजूर झाली. पण मंडळी, १९८६, २००३ आणि २०१९ च्या दुरुस्त्या वाचल्या की वाटतं, देशमुख त्या दिवशी हरले, त्यांचा युक्तिवाद मात्र हरला नाही. पंजाबराव म्हटलं की शेतकऱ्यांचे कैवारी, शिक्षणाची गंगा वऱ्हाडात आणणारे असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पटेल आणि देशमुख, दोघंही एकाच पक्षाचे. म्हणजे हा वाद पक्षांतला नव्हता, भारत म्हणजे काय याबद्दलचा होता.

शेवटी मंजूर झालेलं कलम ५ काय म्हणतं? २६ नोव्हेंबर १९४९ ला लागू झालेल्या मोजक्या कलमांपैकी हे एक. भारतात अधिवास असलेला माणूस, आणि पुढच्या तिन्हींपैकी एक: तो इथे जन्मलेला, किंवा त्याच्या आईवडिलांपैकी कोणी एक इथे जन्मलेलं, किंवा तो आधीची निदान पाच वर्षं इथे राहत असलेला. तिन्हींत ‘किंवा’ आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. तिसऱ्या मार्गात जन्माचा संबंधच नाही. आणि ‘इथे’ म्हणजे संस्थानांसकट सगळा भारत. पहूर आणि फर्दापूर एक झाले ते या एका वाक्याने. कलम ६ पाकिस्तानातून आलेल्यांसाठी. माणूस, किंवा त्याच्या आईवडिलांपैकी, आजीआजोबांपैकी कोणी, १९३५ च्या कायद्यातल्या हिंदुस्थानात जन्मलेलं असेल आणि तो १९ जुलै १९४८ च्या आधी आला असेल तर नागरिक, नंतर आला असेल तर नोंदणी करून नागरिक. जळगावच्या सिंधी कॉलनीत जाऊन जुन्या माणसांशी बोला. कापडाच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले आजोबा कोणत्या कलमाने भारतीय झाले हे त्यांना सांगता येणार नाही कदाचित, पण कोणत्या सालात, कोणत्या बोटीने किंवा गाडीने आलो ते नक्की सांगतील.

आता उच्चपदांकडे वळू. घटना करताना अमेरिकेचा नमुना डोळ्यांसमोर होता. तिथे अध्यक्ष व्हायला ‘जन्मसिद्ध नागरिक’ असावं लागतं. ही अट आली कशी, तर २५ जुलै १७८७ रोजी जॉन जे यांनी वॉशिंग्टनना पत्र लिहिलं, की सेनापतिपद जन्मसिद्ध नागरिकाखेरीज कोणाच्या हाती जाऊ नये. नुकतं स्वतंत्र झालेलं छोटं राष्ट्र, युरोपातल्या एखाद्या राजपुत्राला आणून बसवतील ही भीती. ती भीती कधीच गेली, अट राहिली. आणि जन्मसिद्ध म्हणजे नक्की कोण, हे त्या घटनेत कुठेच लिहिलेलं नाही. पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मलेले जॉन मॅकेन उभे राहिले तेव्हा वाद, होनोलुलूत जन्मलेल्या ओबामांबद्दल तर किती वर्षं गदारोळ. आपल्या घटनेत ती अट नाही. कलम ५८: राष्ट्रपती भारताचा नागरिक असावा, पस्तीस वर्षं पूर्ण असावीत, लोकसभेवर निवडून यायला पात्र असावा, लाभाचं पद नसावं. उपराष्ट्रपतीसाठी कलम ६६, राज्यपालासाठी १५७, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासाठी १२४. सगळीकडे शब्द एकच, ‘नागरिक’. पंतप्रधानासाठी तर वेगळी पात्रताच नाही, खासदार असला किंवा सहा महिन्यांत झाला की पुरे.

आणि ते बरंच झालं, असं माझं मत आहे. कारण जन्माची अट काटेकोर लावली असती तर काय झालं असतं? राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचा जन्म १८९७ चा, निजामाच्या हैदराबादेत. के. आर. नारायणन त्रावणकोर संस्थानात जन्मलेले. इंद्रकुमार गुजराल झेलमचे, मनमोहन सिंग गाह नावाच्या गावचे, दोन्ही ठिकाणं आज पाकिस्तानात. उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी कराचीचे. १९५० नंतरच्या नकाशावर बोट ठेवून ‘इथेच जन्मलेला पाहिजे’ म्हटलं असतं तर या यादीतली शेवटची तिन्ही नावं गळाली असती. जुन्या हिंदुस्थानचा नकाशा धरला असता तर लाहोर-ढाक्याला जन्मून तिकडेच राहिलेले सगळे पात्र ठरले असते. नकाशा हलतो हो. ज्या देशाचा नकाशा त्या पिढीने स्वतःच्या डोळ्यांनी हललेला पाहिला, त्याने जन्मस्थळावर सिंहासन बांधायचं नाही, हे शहाणपण आहे.

गोव्याचं उदाहरण याहून मोठं आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या आदेशाने गोव्यात जन्मलेल्यांना, किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा तिथले आहेत त्यांना, २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक मानलं. ज्यांना नको असेल त्यांनी महिन्याभरात तसं लेखी कळवायचं. पेडण्याचे दयानंद बांदोडकर पोर्तुगीज अमलात जन्मलेले. २० डिसेंबर १९६३ रोजी ते गोव्याचे मुख्यमंत्री झाले. नागरिकत्व मिळून बरोबर दोन वर्षं. इतकी वर्षं नागरिक असल्याशिवाय पद नाही, अशी अट आपल्याकडे असती तर गोव्याला पहिला मुख्यमंत्री बाहेरून आणावा लागला असता.

मग १९९९ साल. १५ मे रोजी शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींना पत्र लिहिलं. मागणी अशी, की राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदं जन्माने भारतीय असलेल्यांनाच, अशी घटनादुरुस्ती व्हावी आणि ती पक्षाच्या जाहीरनाम्यात यावी. पाच दिवसांत तिघांची हकालपट्टी, १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना. सोनिया गांधींचा विवाह १९६८ चा, नागरिकत्व एप्रिल १९८३ चं, ते मिळालं नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून नोंदणीने. पंधरा वर्षं का लागली, असा प्रश्न तेव्हा सभांमधून विचारला गेला, आणि राजकीय प्रश्न म्हणून तो विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण घटना त्या प्रश्नाचं ऐकत नाही. त्या उन्हाळ्यात धुळ्या-जळगावच्या चहाच्या टपऱ्यांवर सुद्धा लोक घटनेची कलमं सांगत होते. निम्मी चुकीची, पण सांगत होते! ऑक्टोबर उजाडला आणि त्याच दोन पक्षांनी मिळून महाराष्ट्रात सरकार केलं. खान्देशातल्या कार्यकर्त्यांची काय अवस्था झाली असेल, भिंती रंगवलेल्या अजून वाळल्या नव्हत्या.

न्यायालयातही हा वाद गेला. सोनिया गांधींच्या निवडीला आणि नागरिकत्वाला आव्हान देणारं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये फेटाळलं. निवडणूक याचिकेत ठोस वस्तुस्थिती मांडलेली नाही, मोघम आरोपांवर खटला चालणार नाही, हा त्याचा गाभा. घटनेचा आढावा घेणाऱ्या व्यंकटचलय्या आयोगापुढेही मुद्दा आला. आयोगाने २००२ च्या अहवालात बंदीची शिफारस केली नाही. हा प्रश्न राष्ट्रीय संवादानंतर राजकीय प्रक्रियेतून सखोल तपासला जावा, एवढंच म्हटलं. संगमा त्या आयोगाचे सदस्य होते, ते याच मुद्द्यावर बाहेर पडले. आणि मे २००४ मध्ये सोनिया गांधींनी पद नाकारलं, पंतप्रधान झाले गाहला जन्मलेले मनमोहन सिंग. घटनादुरुस्ती राहिली ती राहिलीच.

नोंदणीने नागरिक झालेला आणि जन्माने नागरिक असलेला, यांत कायद्यात काहीच फरक नाही का? आहे, एक आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. नागरिकत्व कायद्याचं कलम १०. नोंदणीने किंवा देशीयकरणाने मिळालेलं नागरिकत्व सरकार काही कारणांनी काढून घेऊ शकतं. फसवणुकीने मिळवलं असेल, घटनेशी निष्ठा सोडली असेल, युद्धात शत्रूशी व्यवहार केला असेल, नोंदणीपासून पाच वर्षांत दोन वर्षांहून कमी नाही इतकी कैद झाली असेल वगैरे. जन्माने नागरिक असलेल्याचं नागरिकत्व असं काढता येत नाही. म्हणजे पदं दोघांना सारखी, पायाखालची जमीन मात्र एकाची जास्त पक्की.

२००७ मध्ये नाडगावच्या लेकीचं नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे आलं. १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी जळगावहून आमदार, मग एदलाबादहून सलग चार वेळा, नंतर राज्यसभा, अमरावतीहून लोकसभा, म्हणजे ज्या अमरावतीने १९५२ ला पंजाबराव देशमुखांना पाठवलं तिथूनच, पुढे राजस्थानच्या राज्यपाल. त्या शेखावत घराण्याची सून, आणि समोरचे उमेदवार भैरोसिंह शेखावत. शिवसेना दुसऱ्या आघाडीत होती, तरी मराठी माणूस म्हणून तिने प्रतिभाताईंना मतं दिली. जन्म म्हणून उभारलेला राष्ट्रवादी पक्षही सोनिया गांधींच्या या उमेदवाराच्या पाठीशी. आपण जळगावकरांनी फटाके वाजवले ते ‘आपली आहे’ म्हणून, ‘कोनता गावना’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून. त्यात गैर काही नाही. फक्त अर्ज तपासणाऱ्याने हा प्रश्न विचारला नव्हता. २५ जुलैला शपथ झाली. जॉन जे यांच्या पत्राचीच तारीख, पण हा निव्वळ योगायोग, त्यात अर्थ शोधू नका.

आता खालचा दरवाजा. समजा, पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात तीन बाळं जन्मली. पहिलं ३० जून १९८७ ला. त्याचे आईवडील कोण, हे कायदा विचारत नाही. भारतात जन्मलं, नागरिक झालं, परदेशी वकिलातीतल्या मुलांसारखे अपवाद सोडून. दुसरं दुसऱ्या दिवशी, १ जुलै १९८७ ला. १९८६ ची दुरुस्ती त्या दिवसापासून लागू झाली, म्हणून आता आईवडिलांपैकी एक तरी भारतीय नागरिक हवं. तिसरं ३ डिसेंबर २००४ ला किंवा नंतर. आता दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरं बेकायदा स्थलांतरित नको. खाट तीच, सुईण तीच, बाळांचे आईबाप कदाचित एकाच गल्लीतले. पहिल्याने स्वतःचा जन्म सिद्ध केला की झालं, तिसऱ्याने आईचा आणि बापाचाही सिद्ध करायचा. याच्या मागे आसामचं आंदोलन, १९८५ चा करार, सीमेवरच्या खऱ्या अडचणी आहेत, त्या मी नाकारत नाही. पण सीमा आसामात, आणि कागद शोधायचा धडगावच्या पाड्यावर, अशी ही गोष्ट आहे.

आणि कागद म्हणजे काय, ते इथल्या लोकांना शिकवायला नको. जुनी जन्मनोंद गावात गाव नमुना १४ मध्ये, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची नोंद हवी, म्हणून आपल्याकडची माणसं पणजोबाची मोडीतली नोंद घेऊन तहसीलात किती हेलपाटे घालतात ते तुम्ही पाहिलंय. ज्या पाड्यावर कोतवालच वर्षातून दोनदा पोचायचा, तिथे नोंद कुठून येणार? मग शाळेचा दाखला. शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला! गुरुजींनी वर्ष भरावं म्हणून टाकलेली तारीख. आता विचार करा, १९८७ च्या पावसाळ्यात, श्रावणात जन्मलेल्या पोराच्या दाखल्यावर १ जून १९८७ असेल, तर गुरुजींच्या शाईने तो १ जुलैच्या अलीकडे आला, आईबापांची विचारणा टळली. दुसऱ्या गुरुजींनी वर्ष १९८८ टाकलं, तर पलीकडे गेला. संसदेने आखलेली रेष आणि गुरुजींच्या टाकाची रेघ, दोन्हींचा मेळ हा असा. सेतूतून बारावीच्या पोरांना जो दाखला मिळतो त्याचं पूर्ण नावच ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असं आहे. लोक त्याला नुसतं डोमिसाईल म्हणतात. त्यावर राष्ट्रीयत्व छापलेलं असतं, पण नागरिकत्वाचा निर्णायक पुरावा म्हणून तो चालतोच असं नाही. १९९५ मध्ये दिल्ली-मुंबईच्या वस्त्यांतल्या मतदारांना नागरिकत्व सिद्ध करायला सांगितलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की आधीच्या मतदार यादीतल्या नावाला वजन द्या, दोन-चार ठरावीक कागदांवर अडून बसू नका. तो निकाल आज पुन्हा वाचण्यासारखा आहे.

शेवटी परदेशातल्या आपल्या लोकांबद्दल, कारण ही व्याख्यानं ऐकणारे बरेच जण तिकडून ऐकतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात आहेत, मिशिगनमधून. तिथे सात वर्षं नागरिक असलं की प्रतिनिधी होता येतं, नऊ वर्षं असलं की सिनेटर. अध्यक्ष मात्र कधीच नाही. सोनिया गांधींना दिल्लीत जो मार्ग घटनेने मोकळा ठेवला होता, तो ठाणेदारांना वॉशिंग्टनमध्ये बंद आहे. उलट न्यू जर्सीत जन्मलेलं भुसावळच्या आयटीवाल्याचं बाळ, चौदाव्या दुरुस्तीने जन्मापासून अमेरिकन, पस्तिशी आली की अध्यक्षपदाला पात्र. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या बाळांचा तो हक्क काढायचा प्रयत्न झाला आणि न्यायालयांनी तो अडवला. आपल्यातली जी मंडळी इथे ‘जन्म बघा, जन्म बघा’ म्हणत होती, त्यांतल्या काहींची नातवंडं तिकडे जन्माच्याच आधारावर उभी आहेत.

त्याच बाळाला इथे काय मिळतं? आईबापांनी वर्षाच्या आत वकिलातीत नोंद केली, दुसरा पासपोर्ट नाही असं लिहून दिलं, तर वंशाने भारताचं नागरिकत्व. नाहीतर ओसीआय कार्ड. त्या कार्डावर भुसावळला फ्लॅट घेता येतो, हवं तितकं राहता येतं. पण मतदान नाही, राष्ट्रपती-उपराष्ट्रपती नाही, न्यायाधीश नाही, आमदार-खासदार नाही, ग्रामपंचायतीचा सदस्यसुद्धा नाही. आजोबा सरपंच होते, हे सांगून उपयोग होत नाही. त्याने पुढे अमेरिकेचं नागरिकत्व सोडून इथे राहून कलम ५ प्रमाणे नोंदणी केली, तर मात्र त्याच दिवसापासून कलम ५८ ची नागरिकत्वाची अट त्याला लागू पडते. वय आणि बाकीच्या अटी पूर्ण असल्या तर अर्ज भरायला हरकत नाही.

थांबतो. चिठ्ठ्यांवर प्रश्न आले आहेत. पहिलाच प्रश्न कोतवाल बुकाची नक्कल कुठे मिळते असा दिसतोय, त्यापासून सुरू करू.